सुटकेचा आकडा

माणसाची किंमत काढायला पूर्वी मला सात-आठ मिनिटं लागायची. उमेदवार दारातून आत आला की आधी पायांकडे बघायचं. बूट कोरे असतील तर मुलाखतीसाठी घेतलेत, म्हणजे गडी अडलेला आहे. मग पाणी विचारायचं. ग्लास एका दमात संपवणारा लांबून, एसटीनं आलेला असतो आणि घरी जाऊन त्याला काहीतरी सांगायचं असतं. तो तीन हजारांनी खाली येतो. पाणी नको म्हणणारा दुसरीकडे मुलाखत देऊन आलेला असतो, त्याच्याशी जपून बोलायचं. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या सरनोबत फ्लो कंट्रोल्स या पंपांच्या कारखान्यात मी, कुसुम मगदूम, सव्वीस वर्षं हेच करत आले. दारावर पाटी आहे, कार्मिक अधिकारी. मालकांचे पैसे वाचवायचे आणि समोरच्याला वाटू द्यायचं की मॅडमनी आपल्यासाठी रदबदली केली, एवढीच त्या पाटीमागची विद्या.

म्हणून यंत्र आलं तेव्हा मला राग आला, तो नीतीचा नव्हता. आपल्या दुकानासमोर कुणी स्वस्त दुकान टाकलं की येतो तसला होता.

यंत्राचं नाव 'संतोष'. टपालपेटीएवढा पांढरा डबा आणि त्याला दोन नळ्या. ते बसवायला पुण्याहून मृण्मयी आपटे नावाची इंजिनिअर आली होती. वय सत्तावीस-अठ्ठावीस, बोलणं इतकं स्वच्छ की ऐकताना आपलीच जीभ जाड वाटावी.

"मॅडम, आपण श्वास सोडतो त्यात शेकडो वायू असतात, अगदी लेशमात्र," ती म्हणाली. "त्यातला एक आयसोप्रीन. तो स्नायूंमध्ये साठलेला असतो. मनावर ताण आला की आपल्या नकळत स्नायू आवळतात. जबडा, पोट, मांड्या. मग तो पिळल्यासारखा रक्तात येतो, रक्तातून फुफ्फुसात आणि तिथून बाहेर. ताण सुटला की त्याचं प्रमाण उतरतं. सिनेमागृहातली हवा मोजली तरी कळतं, पडद्यावर कधी काय चाललं होतं."

हा शोध मुळात दवाखान्यांसाठी लागला होता. अतिदक्षता विभागात तोंडात नळी घातलेला माणूस दुखतंय का हे सांगू शकत नाही. त्याला वेदनाशामक किती द्यायचं? थोडं द्यायचं, श्वास मोजायचा, आणखी थोडं द्यायचं. ज्या मात्रेला श्वास सैल पडतो ती पुरेशी मात्रा. त्याहून जास्त दिलेला प्रत्येक थेंब वाया, शिवाय अपायकारक. इतका कनवाळू शोध. मग कुणाच्या तरी डोक्यात मात्रेच्या जागी पगार आला.

रीत सोपी होती. समोर माणूस बसवायचा, संमतिपत्राच्या अकरा पानांवर सह्या घ्यायच्या आणि त्याला आकडे वाचून दाखवायचे. सुरुवात शून्यापासून. दर बारा सेकंदांनी पुढचा आकडा. आकडे शेवटपर्यंत वाचायचे, म्हणजे आपण कुठं सैल पडलो हे त्याचं त्याला कळत नाही. ज्या आकड्याला श्वास पहिल्यांदा सुटतो, तो त्याचा संतोषांक. तेवढाच द्यायचा. डावी नळी समोरच्या खुर्चीकडे वळवलेली. उजवी अधिकाऱ्याच्या खुर्चीकडे, कारण खोलीत अधिकारीही श्वास घेतो आणि त्याचा श्वास हिशेबातून वजा करून पुसून टाकावा लागतो. भिंतीवर मृण्मयीनं सूचना चिकटवली, 'खुर्च्यांची अदलाबदल करू नये.'

पहिला उमेदवार आला तो गडहिंग्लजचा वेल्डिंग इंजिनिअर, अनिकेत हत्तरगी. अपेक्षा अठ्ठावीस हजार म्हणाला आणि मान ताठ ठेवून म्हणाला. मी सगळे आकडे वाचले. तो हसतमुखानं ऐकत होता. पडद्यावर आलं, एकोणीस हजार.

"आम्ही एकोणीस देऊ शकतो," मी म्हटलं.

त्यानं क्षणभरही घासाघीस केली नाही. उभा राहिला, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "थँक्यू मॅडम, खरंच थँक्यू."

माझ्या जुन्या विद्येनं त्याला तेवीसला घेतला असता. चार हजार मी त्याच्या खिशात राहू दिले असते, कारण मला ते दिसले नसते. दयाळूपणाच्या नावाखाली मी एवढी वर्षं जे काही केलं, ते निव्वळ नजर कमी पडल्यामुळे केलं होतं. त्याचे ओलसर हात माझ्या हातावरून सुटले तेव्हा शिसारी आली. त्याची की माझी, ते मी तेव्हा तपासलं नाही.

धाकटे साहेब, रणजित सरनोबत, खूश होते. वय एकतीस. आजोबांनी भट्टीसमोर उभं राहून काढलेला कारखाना हा गडी काचेच्या केबिनमधून चालवतो.

"मॅडम, याच्याइतकं न्याय्य काही नाही," ते म्हणाले. "ज्याला जेवढ्यात समाधान, त्याला तेवढं. आपण कुणाला कमी देतच नाही."

"जो जास्त अडलेला, तो लवकर समाधानी होतो, साहेब."

"मग चांगलंच की! त्याला लवकर समाधान मिळतंय."

पुढच्या एप्रिलमध्ये त्यांनी नोकरीत असलेल्यांची पगारवाढही यंत्रावर टाकली. एकशे त्रेचाळीस माणसं, एकशे त्रेचाळीस बैठका. वाढ शून्यापासून पंधरा हजारांपर्यंत, पाचशेच्या पायरीनं. माझं दुकान स्वस्त झालं होतं, पण गल्ल्यावर अजून मीच होते.

एकसष्टावी बैठक सुमनची.

सुमन हुक्केरी बावीस वर्षं आमच्या कोअर शॉपमध्ये. पंपाच्या पोटात जी पोकळी असते, तिच्या आकाराचा वाळूचा ठोकळा आधी करतात आणि त्याच्याभोवती लोखंडाचा रस ओततात. त्या ठोकळ्याला कोअर म्हणतात. हे काम करणारी पहिली बाई म्हणून तिला मीच घेतलं होतं. त्या वर्षापासून आम्ही दुपारी एकत्र जेवतो. ती मला चारचौघांत मॅडम म्हणते आणि डबा उघडला की कुसूम. मागच्या वर्षी तिनं वाळू आधी किती तापवायची आणि राळ किती कमी घालायची, याचं स्वतःचं माप बसवलं. शंभरातले अकरा पंप भोकं पडून बाद व्हायचे, ते तीनवर आले. कारखान्याचे वर्षाला बहात्तर लाख वाचले. मोठ्या साहेबांनी, रणजितच्या वडिलांनी, हार घातला आणि म्हणाले, हिला आता अधिकारी श्रेणीत घ्या. अट एकच, पगार त्या श्रेणीच्या पायरीला पोचला पाहिजे. दहा हजारांची वाढ मिळाली की ती पोचत होती.

त्या दिवशी ती आली ती कंबर धरूनच. दिवसभर उभं राहून तिचा मणका सरकलेला. पाहुण्यांची खुर्ची लोखंडी पाइपांची. माझ्या खुर्चीला गादी. गेली कित्येक वर्षं ती माझ्या केबिनमध्ये आली की सरळ माझ्या खुर्चीत बसते आणि मी समोर बसते, त्यात विचारण्यासारखं काही नसतं. त्या दिवशीही तसंच झालं. मी टॅब हातात घेतला, समोरच्या खुर्चीत बसले आणि वाचायला लागले.

"शून्य रुपये."

"ह्या पोरांनी शून्य बी वाचाय लावलंय व्हय तुला?" ती हसली.

"बोलायचं नसतं गं. नुसता श्वास घे."

पंधरा हजारांपर्यंत वाचलं. उठताना म्हणाली, "काय गं, किती आलं माझं?"

"गुप्त असतं. पत्र येईल."

"आता माझ्यापासनं बी गुप्त? घाल की पेटीत तुझं गुप्त. संध्याकाळी शेंगाची पोळी देणार न्हाई."

तेरा दिवसांनी पत्रं निघाली. ती छापणारं यंत्र वेगळं, मजकूर धाकट्या साहेबांचा. सुमनच्या पत्रात होतं, 'श्वासविश्लेषणानुसार आपण सध्याच्या वेतनात पूर्णतः समाधानी असल्याचे आढळून आले आहे. या सकारात्मक वृत्तीबद्दल व्यवस्थापन आपले अभिनंदन करीत आहे. वेतनवाढ : रु. ०.'

दुपारी तिनं ते डब्याच्या झाकणाशेजारी ठेवलं.

"ह्यात माझं कुठं चुकलं, सांग."

मी वाचलं. मला वाईट वाटलं. निदान मी चेहरा तसा केला आणि तो चेहरा मला सोपा गेला.

"मी घरातनंच ठरवून आल्ते," ती म्हणाली, "दहाच्या खाली कायबी आलं तर तोंडावर कागद फेकायचा. तू शून्य म्हणालीस तवा पोटात गोळा आला माझ्या. मला तर वाटलं, मी चिडलीय. आणि हे म्हणतंय, तू खूश हाईस."

"यंत्र आहे, सुमन. आतलं पकडतं."

"व्हय, तेच की. आतलं." तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. "म्हंजे आतनं मी अशी हाय."

मला तिथंच थांबवता आलं असतं. यंत्र चुकलं असेल, दाद मागू, एवढं म्हणायला काही लागत नव्हतं. मी काय केलं? मी तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, समाधानी असणं काही वाईट नसतं.

पुढच्या महिन्यात मी एका शहाण्या बाईला स्वतःवरचा भरवसा गमावताना पाहिलं, रोज दुपारी, समोरासमोर, चटणी-भाकरी खात. शॉपमधल्या बाप्यांनी तिचं नाव संतोषीबाई ठेवलं. "संतोषीबाईला चहा नको रे, ती समाधानी हाय." घरी नवरा, निवृत्त एसटी कंडक्टर, म्हणाला, "बत्तीस वर्षं संसार केला, घरात एवढी समाधानी बाई हाय ह्याचा मला पत्ताच न्हाई." तिला हे हसत हसत सांगता यायचं. पण नंतर ती जे सांगायची ते हसण्यासारखं नव्हतं. भाजीवाल्याशी भाव करायला गेली की आता तिला वाटायचं, आपल्याला खरंच जास्त वाटतंय की आपण नाटक करतोय? सुनेनं उलट उत्तर दिलं तर राग आला की नाही, हेच कळेना. आतून वेगळंच काही असेल, असं म्हणून ती गप्प बसायची.

गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यानं तिला बोलावलं. वाळूच्या मापाची बातमी तिथवर गेली होती. त्यांच्याकडेही हाच डबा होता आणि हा डबा वापरणारे सगळे कारखाने संतोषांक एकमेकांना पुरवतात. संमतिपत्राच्या नवव्या पानावर लिहिलेलं आहे, मी ते कुणाला वाचून दाखवलं नव्हतं. त्यांनी तिचा पीएफ क्रमांक मागितला आणि दुसऱ्या दिवशी कळवलं की आहे त्याच पगारावर घेऊ, तुम्ही त्यात आनंदी आहात असं दिसतं.

"आता मी कुठंबी गेले तरी शून्यच," ती म्हणाली. "जल्माला लागलं हे माझ्या."

मी तिला लोणचं वाढलं.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात मृण्मयी वार्षिक तपासणीला आली. सकाळभर नोंदी चाळल्या आणि जेवणाच्या सुट्टीआधी माझ्याकडे वळली.

"मॅडम, तुम्ही लवंग चघळता का?"

"दाढ दुखते. का?"

"प्रत्येकाच्या श्वासाची एक ओळख असते. तुमची लवंग. तुमचा श्वास आम्ही पुसतो, पण लवंगेचा माग नळीत राहतो. एकशे बेचाळीस बैठकांमध्ये ती उजव्या नळीत आहे, तुमच्या बाजूला. एकसष्टमध्ये डाव्या नळीत कशी?"

मला कळायला वेळ लागला नाही. गादीची खुर्ची, सुमनची कंबर, हातातला टॅब. मी सांगितलं.

"अच्छा!" तिला कोडं सुटल्याचा आनंद झाला. "म्हणजे आम्ही त्यांचा श्वास तुमचा समजून वजा केला आणि तुमचा श्वास त्यांचा समजून मोजला. शून्यावरचं समाधान तुमचं आहे."

तिनं पडदा माझ्याकडे वळवला. वजाबाकी उलटी केली की दोन रेषा वेगळ्या होत होत्या. निळी सुमनची. ती शून्यालाच वर उसळली होती आणि शेवटपर्यंत खाली आलीच नाही. पाच हजारांना नाही, दहाला नाही, पंधराला नाही. बावीस वर्षांचं साठलेलं पंधरा हजारांत उतरणारच नव्हतं. लाल रेष माझी. शून्य म्हटल्यावर ती जिन्यावरून घरंगळल्यासारखी खाली आलेली. बारापैकी अकरा सेकंद मी सुटकेत होते. मग आकडे वाढत गेले तशी ती चढत गेली. दहा हजारांपाशी, म्हणजे सुमन अधिकारी होत होती त्या पायरीपाशी, तिला एक टोक आलं होतं.

"हे चुकीचं असेल," मी म्हटलं.

"नाही हो. इतकी स्वच्छ रेष क्वचितच मिळते." मग माझ्या तोंडाकडे बघून ती जरा ओशाळली. "मनाला लावून घेऊ नका, मॅडम. माझ्या आईची मोजली तर माझ्या मावशीसाठी अशीच येईल."

ती पुढं नियम सांगत होती. कमाल आकड्यापर्यंत समाधान नाही म्हणजे कमाल वाढ, पंधरा हजार, आणि सामायिक नोंदीतला शून्यही जाणार. मात्र नोंद बदलायला अधिकाऱ्याचं सही केलेलं निवेदन लागतं. दोन्ही आलेख जोडून एक प्रत व्यवस्थापनाला, एक कर्मचाऱ्याला. मुदत उद्या पाच वाजेपर्यंत. त्यानंतर आकडे तीन वर्षं हलत नाहीत.

"आणि निवेदन दिलं नाही तर?"

"मी अहवालात 'एक किरकोळ त्रुटी' असं लिहीन. एकशे त्रेचाळिसात एक. कुणी वाचत नाही."

ती जेवायला गेली. मी त्या दिवशी सुमनला निरोप पाठवला की मीटिंग आहे आणि डबा न उघडता बसून राहिले.

मी तिचं वाईट चिंतलं नव्हतं. हे मी कुणाच्याही पायावर हात ठेवून सांगेन. तिच्या मुलीच्या लग्नात मी चार दिवस राबले. मणक्याच्या वेळी डॉक्टरशी मी भांडले. मी जमेची बाजू लिहीत गेले आणि ती भरपूर निघाली. मग एकेक नोंद बारकाईनं बघितली. लग्नात मी राबले, पण सगळे मला मॅडम म्हणत होते आणि बसायला पहिली खुर्ची माझी होती. डॉक्टरशी भांडले, कारण माझ्या शब्दानं काम होतं हे तिला दिसलं. एकाही नोंदीत ती माझ्या बरोबरीची नव्हती. ती अधिकारी झाली असती तर महिन्याच्या बैठकीला अधिकाऱ्यांच्या वरच्या भोजनगृहात माझ्या शेजारी ताट घेऊन बसली असती, आणि तिच्या ताटाला बहात्तर लाखांचा मान असता. माझ्या ताटाला कसला होता? लोकांना किती कमी देता आलं याचा.

मी उठून बेसिनपाशी गेले आणि तोंडातली लवंग थुंकली. याहून किळसवाणी गोष्ट पुढं होती. खुर्चीत परत बसताना माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की कुणी वाचत नाही.

दुसऱ्या दिवशी मी निवेदन तीनदा लिहिलं. पहिल्यांदा लिहिलं, 'आसनव्यवस्थेतील तांत्रिक बदलामुळे.' दुसऱ्यांदा, 'नळ्यांची दिशा चुकल्याने.' पण निवेदनाच्या छापील नमुन्यातल्या सातव्या रकान्यात सरळ प्रश्न होता : शून्य रुपयांवरील समाधान कोणाचे? तिथं नाव लागत होतं. तिसऱ्यांदा मी नाव लिहिलं, सही केली आणि चार वाजता धाकट्या साहेबांसमोर ठेवलं.

मला वाटलं होतं ते ओरडतील. खरं सांगायचं तर ओरडतील अशी आशा होती. कुणीतरी त्या कागदाकडे बघून तोंड वाकडं करायला हवं होतं.

त्यांनी तो दोनदा वाचला. आलेखावर बोट फिरवलं. मग खुर्ची पुढं ओढली.

"मॅडम, हे जबरदस्त आहे."

"साहेब?"

"तुमची रेष बघा की! कर्मचाऱ्याला शून्य म्हटल्यावर तुम्हाला आतून बरं वाटतं. आकडा वाढला की त्रास होतो. पगार न घेता कंपनीचा विचार करणारा श्वास आहे हा. माझासुद्धा असा येणार नाही कदाचित." ते हसले. "आणि आपण तो वजा करून पुसत होतो! किती मूर्खपणा. मुलाखत घेणारे निवडायचे कसे, हाच माझा प्रश्न होता."

"साहेब, ती माझी मैत्रीण आहे."

"म्हणून तर! मैत्रिणीच्या बाबतीत एवढा, तर परक्याच्या बाबतीत किती असेल." त्यांनी खाली सही ठोकली. "सुमनबाईंचे पंधरा मंजूर. नियम म्हणजे नियम. आणि तुम्ही आपल्या तिन्ही कारखान्यांच्या मुलाखती बघा. संवाद प्रमुख. गाडी, वरच्या मजल्यावर केबिन. पगाराचं उद्या बसून ठरवू. यंत्र आहेच."

मी निवेदन म्हणून जे दिलं होतं, ते अर्ज म्हणून मंजूर झालं होतं. मला त्याच क्षणी उठून म्हणता आलं असतं, नको. मी म्हटलं, "विचार करून सांगते."

पाचाला दहा मिनिटं असताना मी दुसरी प्रत घेऊन कोअर शॉपमध्ये गेले. सुमन वाळूच्या घमेल्यापाशी पाटावर बसली होती, हात कोपरापर्यंत राळेनं काळे. तिनं हात झाडले आणि कागद कडेनं धरला. मी तिला दोन्ही रेषा समजावल्या. कुठं बसलो होतो ते सांगितलं. निळी तुझी, लाल माझी. आवाज स्थिर राहिला, सवयीचा आहे तो.

ती निळ्या रेषेकडेच बघत होती.

"म्हंजे मी खूश न्हवते."

"नव्हतीस."

"मला राग आल्ता."

"शून्यालाच."

"बघ!" ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की शेजारच्या भट्टीवरचे दोघं वळले. "अरं ए, संतोषीबाई म्हणत हुतासा न्हवं? या इकडं, बघा! म्या चिडलीवते! पंधरा हजारांवर बी चिडलीवते!" डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. एखाद्या माणसाला त्याचा राग परत मिळाल्यावर इतका आनंद होतो, हे मला माहीत नव्हतं. मी तो दोन महिने चटणी-भाकरीबरोबर खात होते.

मग तिची नजर लाल रेषेवर आली आणि हसू हळूहळू आवरत गेलं.

"आणि ही तू."

"हो."

"किती वेळ?"

"अकरा सेकंद."

तिनं मनात मोजलं असावं. वाळूत काम करणाऱ्या माणसाला सेकंद कळतात.

"लई वेळ झाला गं," ती म्हणाली. चिडून म्हणाली असती तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. "एकदोन सेकंद कुणालाबी व्हतं. मलाबी झालं असंल, तुझ्या दाराव पाटी लागली तवा. पण अकरा?"

"सुमन, मी ते लिहून दिलंय. सहीनिशी."

"दिसतंय की." तिनं कागदाची घडी घातली आणि पोलक्यात ठेवली. "साहेब काय म्हणाले? शिव्या घातल्या?"

मी खोटं बोलू शकले असते. संवाद प्रमुख, तिन्ही कारखाने, गाडी, केबिन, सगळं सांगितलं. सांगताना मला वाटत होतं की तिनं थुंकावं. तिनं म्हणावं, लाथ मार त्या केबिनला, आणि मग मी मारीन.

ती पाटावरून उठली, कंबरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली आणि माझ्या तोंडाकडे, गळ्याकडे, खांद्यांकडे बघत राहिली. कोअर वाळलाय का हे बघताना ती अशीच बघते, हात न लावता.

"घेणार तू," ती म्हणाली.

"नाही, अजून मी काही ठरवलेलं..."

"घेतलंस बी."

मागं पाचचा भोंगा झाला. पाळीची माणसं हात धुवायला नळाकडे निघाली. सुमननं घमेलं उचललं आणि त्यांच्यात मिसळून गेली. तिच्या पाठीला मी हाक मारली. नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि शब्दाच्या आधी छातीतून श्वास सुटला, लांब, सैल, लवंगेच्या वासाचा.